दोन गोळ्या शिल्लक ठेवा

माझ्या सुनेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मी सगळे आयुष्य गवंडीकाम केले, पण साडेचारला कधी उठलो नाही. सिमेंटलाही एवढी घाई नसते. ती उठायची, चूळ भरायची, चहा टाकायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसायची. मी उठून आत गेलो की न बघता म्हणायची, "बाबा, चहा झाकून ठेवलाय. कागदांवर कप ठेवू नका."

मी उभ्यानेच चहा प्यायचो. टेबल आमच्या पैशाचे, पण त्यावर बसायचा मान विज्ञानाला.

पहाटे ती जे करायची त्याला सरांचे प्रेझेंटेशन म्हणत. माहिती तिने शोधलेली, आकडे तिने मांडलेले, चित्रे तिने काढलेली. सर ते लोकांसमोर दाखवत, म्हणून ते सरांचे.

सून फार्मासिस्ट. औषधांचे शिक्षण घेतले, त्यावरचे घेतले, मग डॉक्टरेट केली. लग्नात आमच्या हिने मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितले की मुलगी डॉक्टर आहे. पाहुणे लगेच आपापले गुडघे आणि पित्त घेऊन तिच्याभोवती जमले. ती म्हणाली, मी त्यातली डॉक्टर नाही. पाहुण्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना वजनात मारले.

डॉक्टरेट झाली की माणूस कामाला लागतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. डॉक्टरेटनंतर फेलोशिप असते. फार्मासिस्टला रुग्णांमध्ये राहून औषधांवर संशोधन करायचे असेल तर आधी एखाद्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षे फेलो म्हणून राहावे लागते. अभ्यास कसा आखायचा, कुणाला घ्यायचे, काय मोजायचे, ते कसे लिहायचे, हे तिथे शिकवतात.

"म्हणजे तू शिकाऊ," मी म्हणालो.

"हो बाबा."

"अजून?"

"अजून."

"आमच्याकडे बिगारी म्हणून आलेला पोरगा तीन वर्षांत थापी धरायचा. तुझ्याएवढा शिकत बसला असता तर मुकादमाने त्याला घरी पाठवला असता."

"मलाही घरी पाठवतील, बाबा. पण आधी दोन वर्षं शिकवतील."

बोलण्यात ती अशी. काही ऐकून घेणारी नव्हती, पण आवाज चढवून बोलल्याचेही मला आठवत नाही.

तिला जे पैसे मिळत त्याला पगार म्हणायचे नाही, विद्यावेतन म्हणायचे. काम केले तर पगार, शिकले तर विद्यावेतन, असा तिथला न्याय. ती सकाळी निघून दिवेलागणीनंतर परत यायची. ते सगळे शिक्षण. कामाला सुट्टी असते. शिक्षणाला कसली सुट्टी, म्हणून रविवारीही जायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या चिरंजीवाने, एकदा विचारले, "आजारी पडलीस तर?" ती म्हणाली, "तेही शिकायलाच मिळेल. आहे तिथेच पडून राहायचं." चिरंजीव वीजमंडळात खांबावर चढतो. त्याला निदान खाली उतरायची वेळ ठरलेली आहे.

हे सगळे ती कशासाठी सोसत होती ते सांगतो. फेलोशिप संपताना इस्पितळात संशोधकाची एक कायमची जागा भरायची होती. एकच. जागा तिला मिळेल, असे सरांनी तोंडी कबूल केले होते, फक्त तिचा अभ्यास नीट पार पडून चांगल्या मासिकात छापून आला पाहिजे. कायमची जागा म्हणजे स्वतःचा अभ्यास, स्वतःचे नाव आणि पगाराला पगार म्हणण्याची सोय. त्या एका जागेवर तिने सगळे पणाला लावले होते.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. मी त्यांना एकदाच पाहिले. उंच, स्वच्छ, हातात सदैव एक कप, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघणारे. मला आधी वाटले भिंतीत काही दोष आहे. मी पण वळून बघितले. भिंत ठीक होती.

आता अभ्यास काय होता ते. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते आणि लोक ती घेत नाहीत, ही जुनी रड आहे. सुनेचे म्हणणे असे की फार्मासिस्टने रुग्णाला समोर बसवून मायेने दोन शब्द विचारले, गोळी कशासाठी आहे ते समजावले, तर तो गोळी चुकवणार नाही. हे सिद्ध करायला तिने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला औषधे देण्याच्या खिडकीतून नुसती बाटली मिळायची. दुसऱ्या गटाला बाटली आणि सुनेसमोर बसून गप्पा. महिना संपला की सगळ्यांनी बाटली परत आणायची. उरलेल्या गोळ्या निळ्या ताटलीत ओतून चपट्या पट्टीने पाच-पाचने सरकवत मोजायच्या. ज्याच्या बाटलीत कमी उरल्या, त्याने जास्त घेतल्या. सोबत रक्तदाबही तपासायचा.

गप्पांसाठी तिला जी खोली मिळाली ती पूर्वी चादरी ठेवायची होती. फळ्या तशाच होत्या. एका फळीवर तिने बाटल्या मांडल्या, एकीवर रक्तदाबाचे यंत्र, आणि सगळ्यात खालच्या फळीवर तिची पर्स आणि डबा. खिडकी नव्हती. दार पूर्ण उघडत नव्हते, कारण मागे कुणाचे तरी जुने कपाट होते आणि ते हलवायला ज्याची परवानगी लागते तो माणूस निवृत्त झाला होता. बाहेर बोळात लांब लाकडी बाक. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा दुमडून घातलेला. गप्पांच्या गटातले लोक त्या बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत.

लोक तिला गोळीताई म्हणायला लागले. ती प्रत्येकाची नातवंडे, गुडघे, घरातली भांडणे, सगळे लक्षात ठेवायची. घरी येऊन आम्हालाही सांगायची. कुणाचा जावई रुसला, कुणाची म्हैस आटली, आम्हाला सगळे पाठ.

आकडे उत्तम आले. गप्पांच्या गटातल्या बाटल्या जवळजवळ रिकाम्या. कुणाच्या दोन उरलेल्या, कुणाच्या तीन. खिडकीच्या गटातल्या बाटल्या अर्ध्या भरलेल्या. सर फार खूश झाले. परदेशातल्या परिषदेत त्यांनी हे आकडे दाखवले आणि येताना सुनेसाठी तिथले एक पेन आणले. पेनवर औषध कंपनीचे नाव होते.

फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. गप्पांच्या गटाचा रक्तदाब उतरत नव्हता. बाटल्या रिकाम्या, पण आकडा तिथेच. खिडकीच्या गटाएवढाच. ती जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायची.

"सरांना विचार की," आमची ही म्हणाली.

"विचारलं आई."

"मग?"

"सर म्हणाले, आपला विषय गोळी घेणं हा आहे. रक्तदाब उतरणं हा दुसऱ्या खात्याचा विषय."

चिरंजीव हसला. मी हसलो नाही. नळजोडणीवाला एकदा मला हेच म्हणाला होता. नळ बसवायचा माझा ठेका, पाणी येतं का ते बघायचा नाही.

एक दिवस सून डबा विसरून गेली. हिने तो माझ्या हातात दिला. "रिकामटेकडे बसलाच आहात. तेवढा पोचवून या. आणि वाटेत कुणाच्या बांधकामाला नावं ठेवत उभे राहू नका."

मी गेलो. विचारत विचारत बोळ सापडला. चादरींच्या खोलीचे दार बंद होते, आत कुणीतरी होते. मी डबा मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसलो. बाक हलला. सगळ्यांनी सवयीने तोल सावरला.

शेजारी एक बारीक म्हातारा शिंपी होता. गळ्यात मोजपट्टी तशीच, दुकानातून उठून आलेला. पलीकडे जाड चष्म्याच्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या शिकवायच्या हे कुणी सांगायची गरज नव्हती. बसल्या होत्या बाकावर, पण वाटत होते वर्गापुढे बसल्यात.

"नवीन का?" शिंप्याने विचारले.

"हो," मी म्हणालो. त्या बोळात मी नवीनच होतो.

"बाई, हे नवीन आहेत."

बाईंनी चष्म्यावरून मला बघून घेतले. "सांगितलं का त्यांना?"

"आत्ताच आले."

"मग सांगा. नाहीतर मागच्यासारखा घोळ व्हायचा."

"कसला घोळ?" मी विचारले.

शिंपी माझ्याजवळ सरकला. "एक जण आला होता, रंगारी. बाटली अगदी रिकामी करून आणली. धुऊन, पुसून. ताई म्हणाल्या, वा, एकही चुकली नाही? पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेव्हापासून बाईंनी नियम केला. दोन गोळ्या शिल्लक ठेवायच्या."

"कधी तीन," बाई म्हणाल्या. "दर वेळी दोन नाही. माणूस खरंच चुकलाय असं वाटलं पाहिजे."

"आणि बाकीच्या गोळ्या?"

"संडासात. वरून पाणी. कुंडीत टाकू नका. त्या कोपऱ्यात बघा."

बोळाच्या कोपऱ्यात एक कुंडी होती. तिच्यातले झाड काडीवर आले होते.

"आमच्यामुळे गेलं," शिंपी म्हणाला. त्याला वाईट वाटत होते.

"अहो, पण गोळ्या घेत का नाही?"

"घेतल्या ना. पहिला आठवडा घेतल्या. उठलो की चक्कर. सुईत दोरा जाईना. माझं पोट त्याच्यावर."

"मग ताईंना सांगायचं."

यावर शिंप्याने बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "तुम्ही अजून बसला नाहीत त्यांच्यासमोर. बसा म्हणजे कळेल. ती पोरगी इतकं मनापासून विचारते. माझ्या घरात चार माणसं आहेत, एकाने मला विचारलेलं नाही की तुम्हाला रात्री झोप लागली का. हिने विचारलं. अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं, तुझ्या गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून?"

"तोंड उतरतं हो त्यांचं," शिंपी म्हणाला. "आम्ही बघितलंय. एका आजींनी सांगितलं होतं खरं. ताईंना इतकं लागलं की आजीच त्यांची समजूत काढत बसल्या. आमची बस गेली त्या दिवशी."

तेवढ्यात दार उघडेल तेवढे उघडले आणि सून बाहेर डोकावली. "पुढचे कोण? अय्या, बाबा, तुम्ही?"

"डबा," मी म्हणालो.

बाकावर सगळे गार पडले. शिंप्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिले. "हे तुमचे..."

"सासरे," सून म्हणाली.

मी निघालो तेव्हा शिंपी माझ्यामागे वळणापर्यंत आला. "बाबा, घरी यातलं काही काढू नका. आमच्या ताईंना वाईट वाटेल."

मला ती गंमत वाटली. माणसे जमली की आपापली युक्ती काढतात, बांधकामावर मी तेच बघत आलो. मुकादम येताना दिसला की रिकामी घमेली डोक्यावर घेऊन चालायला लागणारे आम्ही. म्हणून संध्याकाळी जेवताना मी सगळे रंगवून सांगितले. दोन ठेवायच्या, कधी तीन. कुंडी. रंगाऱ्याने धुऊन आणलेली बाटली. चिरंजीवाला ठसका लागला. आमची ही हसून हसून डोळे पुसायला लागली.

सुनेने ताट बाजूला सरकवले.

"बाबा, परत सांगा. कोण कोण होतं बाकावर?"

मी परत सांगितले. या खेपेला कुणी हसले नाही, सुनेचे डोळे भरून आले होते.

"अगं, जीव आहे त्यांचा तुझ्यावर," ही म्हणाली. "त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"तेच तर चुकलं, आई. त्यांनी गोळी घ्यावी म्हणून मी चांगली वागले. आणि मी चांगली वागले म्हणून ते खोटं बोलले. खिडकीतले लोक खरं सांगत होते. त्यांना माझं काही वाटत नव्हतं."

मग ही हळूच म्हणाली, "हे बघ. कुणाला काय कळतंय? आधी छापून घे, जागा घे, मग सावकाश सांग."

"आई म्हणते ते बरोबर आहे," चिरंजीव म्हणाला. "रक्तदाब दुसऱ्या खात्याचा."

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? माझी भिंत वाकडी झाली तर रस्त्याने जाणाऱ्याला दिसायची. तुझं कुणालाच दिसत नाही."

"मला दिसतंय ना," ती म्हणाली आणि ताट परत पुढे ओढले. जेवून घेतले. अन्न टाकायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत न जाता बाकावर जाऊन बसली, त्या लोकांच्या मध्ये. खरे सांगा, मी रागावणार नाही, असे म्हणाली. सगळ्यांनी शपथेवर सांगितले की आम्ही गोळ्या घेतो. शिंपी म्हणाला, "ताई, तुमच्या सासऱ्यांना ऐकू कमी येत असेल. वय झालं की होतं तसं."

हे तिने मला घरी येऊन सांगितले. माझे कान ठणठणीत आहेत. पण मी शिंप्याला मनात शाबासकी दिली. मित्र असावा तर असा.

तिने मग प्रश्न बदलला. गोळी घेता का, हे विचारणे सोडून दिले. चक्कर कुणाला येते, विचारले. बाकावरचे सगळे हात वर झाले. मग चक्कर येऊ नये म्हणून काय करता, विचारले. आधी चुळबुळ झाली. शेवटी बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता विचारलंत ते बरोबर विचारलंत." आणि सगळे सांगितले. बाकीच्यांनी माना हलवल्या. एका आजींनी तर पदराची गाठ सोडून त्या महिन्याच्या गोळ्या तिथेच तिच्या हातात दिल्या. सुनेने डॉक्टरांशी बोलून सगळ्यांच्या गोळ्या तपासून घेतल्या. कुणाची बदलली, कुणाची अर्धी केली, कुणाला रात्री घ्यायला सांगितली. त्यानंतर रक्तदाब उतरायला लागला. पण तो अभ्यासात धरता येत नव्हता. अभ्यासाच्या मध्ये असे काही करायचे नसते, म्हणे.

मग ती सरांकडे गेली. तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

सर म्हणाले, "किती जणांनी कबूल केलं?"

"सगळ्यांनी, सर."

"लेखी?"

"तोंडी."

"मग ती बाकावरची गप झाली. बाटल्या आपण मोजल्यात. मोजलेलं ते खरं. ऐकीव गोष्टींवर संशोधन चालत नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं."

"सर, बाटलीत गोळी नाही याचा अर्थ पोटात गेली, असं आपण धरलं. ते आपण मोजलंच नाही."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. या पेपरवर तुझी जागा उभी आहे. मी तुला गप्प राहा म्हणत नाहीये. मी मार्गदर्शन करतोय."

दोन दिवस ती पहाटे कॉम्प्युटर उघडून बसायची आणि एक अक्षर टाइप करायची नाही. तिसऱ्या दिवशी मी चहाला आत गेलो तर ती भराभरा लिहीत होती. टेबलावर कागद नव्हते. "बसा बाबा," म्हणाली. मी बसलो. मला तेव्हाच कळले की जागा गेली.

तिने इस्पितळाच्या एथिक्स कमिटीला सगळे कळवले. कमिटी म्हणजे अभ्यासात रुग्णांवर अन्याय होत नाही ना, हे बघणारी मोठी माणसे. त्यांनी तिला बोलावले. घरी येऊन तिने सांगितले ते असे. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बिस्किटांची बशी. तिने उभे राहून सांगितले. एकाने विचारले, टाकून दिलेल्या गोळ्यांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लागली का. दुसऱ्याने विचारले, संडास कोणत्या विभागाचा. तिसऱ्याने कुंडीचा विषय काढला आणि तिथे सगळ्यांना सूर सापडला. कुंडी कुणी घेतली, झाड कुणाच्या ताब्यात होते, औषधाने झाड मरते तर ते रुग्णाला द्यावे का. अर्धी बैठक त्या झाडाने खाल्ली. जिवंत असताना त्याला कुणी पाणी घातले नसेल.

"आणि रुग्ण?" मी विचारले.

"रुग्णांचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीत."

निकाल लागला. अभ्यास थांबवावा, आकडे वापरू नयेत. सुनेच्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली. आणि मार्गदर्शकांच्या दक्षतेमुळे त्रुटी वेळीच उघडकीस आली, याबद्दल त्यांचे अभिनंदन करण्यात आले. हे ऐकून आमच्या हिने हातातले लाटणे खाली ठेवले. "कुणाच्या दक्षतेमुळे?" तिने दोनदा विचारले. मग म्हणाली, "मीच तुला गप्प राहा म्हणत होते. तेव्हा माझंही अभिनंदन करायला हवं होतं त्यांनी."

मुलाखत झाली. जागा दुसऱ्या फेलोला मिळाली. सभ्य मुलगा. त्याचा अभ्यास अजून सुरूच झाला नव्हता, त्यामुळे त्यात एकही चूक नव्हती. सूनच सगळ्यांत आधी त्याचे अभिनंदन करायला गेली. तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं व्हायला हवं." ती म्हणाली, "नको. सुरू कर आधी."

फेलोशिप संपली. छोटा समारंभ झाला. तिला प्रमाणपत्र मिळाले की क्लिनिकल रिसर्चचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे. सरांनी भाषणात सांगितले की खरा संशोधक तोच, जो स्वतःच्या अभ्यासातली चूक स्वतः दाखवतो. टाळ्या पडल्या. सुनेनेही वाजवल्या. घरी येऊन म्हणाली, "बोलले चांगलं. ते भाषणही मीच लिहून दिलं होतं, मागच्या वर्षी. दुसऱ्या कुणासाठी."

त्यानंतर तिने बसथांब्याजवळच्या औषधाच्या दुकानात नोकरी धरली. डॉक्टरेट झालेली बाई खोकल्याच्या बाटल्या विकते म्हणून नातेवाइकांनी नाके मुरडली. दिवसभर उभ्याचे काम. पाय सुजायचे. मला कळते उभ्याचे काम काय असते; ते करून आलेल्या माणसाला काही विचारू नये, पाणी द्यावे. महिना झाला आणि हातात पैसे पडले तेव्हा ती पाकीट उघडून हिला म्हणाली, "आई, याला पगार म्हणायचा." ही म्हणाली, "म्हण, म्हण. दोनदा म्हण."

पण पहाटे साडेचारचे उठणे काही सुटले नाही. दुकानाला एवढ्या लवकर कोण उठतो, मी विचारले.

"पेपर लिहितेय, बाबा."

"कसला? अभ्यास तर बंद केला."

"बंद का पडला त्याचा. लोक मायेपोटी कसे खोटं बोलतात आणि आपण बाटली मोजून कसे फसतो, त्याचा. जगात किती ठिकाणी बाटल्या मोजतात बाबा, तुम्हाला कल्पना नाही. सगळीकडे बाक असतील."

कमिटीने आकडे वापरू नका म्हटले होते, म्हणून तिने आकड्यांवर काही लिहिले नाही. आकडे कसे खोटे पडले तेवढेच लिहिले. त्यालाही इस्पितळाची परवानगी लागत होती आणि परवानगीवर सही सरांची. सर आधी म्हणाले, अपयश छापायचे नसते, त्याने संस्थेचे नाव खराब होते. तिने चकरा मारल्या. दुकान सुटल्यावर जायची, बाहेर बसायची, परत यायची. चिरंजीव चिडला. "सोड ना आता. कोण वाचणार आहे?" ती म्हणाली, "जो पुढे असा अभ्यास आखेल तो वाचेल. मी वाचलं असतं. मला मिळालंच नाही, कारण कुणी लिहिलं नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून तो तिला स्कूटरवर सोडायला लागला.

तिने पेपर एका मोठ्या मासिकाला दाखवला. त्यांनी सांगितले की छापायला आवडेल, तेवढी परवानगी आणा. हे समजल्यावर सरांची सही लगेच झाली. त्यांनी एवढेच सुचवले की लेखकांच्या यादीत शेवटी त्यांचे नाव असावे, कारण मार्गदर्शन त्यांचे होते. तिने नाव घातले. मी असतो तर घातले नसते. पण सही त्यांचीच लागत होती, आणि तिला पेपर छापून हवा होता, भांडण नको होते.

एवढे झाल्यावर मासिकाने पैसे मागितले.

मला वाटले मासिक तिला पैसे देणार. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी परत विचारले. चूक झाली नव्हती. तिथे लिहिणाऱ्यानेच पैसे भरायचे. मी इतकी वर्षे भिंती बांधल्या, पण मालकाला मी कधी म्हणालो नाही की हे घ्या पैसे आणि मला तुमची भिंत बांधू द्या. इस्पितळाकडे छपाईसाठी निधी असतो. पण तो यशस्वी अभ्यासांसाठी. हा अभ्यास फसलेला, म्हणून निधीत बसत नाही, असे उत्तर आले.

तिने दुकानात जास्तीच्या पाळ्या घेतल्या. रविवारी दुकान उघडायला तीच जायची. हिने शेजारणीकडचा नवा फ्रिज बघून आल्यावर विषय काढला, "तेवढ्या पैशात आपल्याकडेही आला असता." सून म्हणाली, "येईल आई." रात्री हिने तिच्या पायाला तेल चोळून दिले.

पावसाळ्याच्या तोंडी तिने पैसे भरले. दुकानात उभे राहून साठवलेले सगळे गेले. काही दिवसांनी पेपर छापून आला. कॉम्प्युटरवर तिने तो मला उघडून दाखवला. मला त्या भाषेतले काही वाचता येत नाही. नाव ओळखता आले, पहिले तिचे.

"काय लिहिलंय यात?" मी विचारले.

"आमचं कुठे चुकलं ते."

"पैसे देऊन?"

"पैसे देऊन, बाबा."

दुकानातल्या तिच्या खऱ्या पगारातून एवढेच विकत आले.